नागपुरात गाडी घेताना पेट्रोल की डिझेल, हे ठरवायचं कसं

“महिन्याला दीड हजार किलोमीटरच्या वर फिरणं असेल तर डिझेल घ्या भाऊ, नाहीतर पेट्रोल.” हा ठोकताळा आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आला आहे. शोरूमपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे तोच ऐकायला मिळतो. तो चुकीचा नाही, पण आजच्या डिझेल गाडीसाठी अपुरा आहे. महिन्याचे किलोमीटर किती, याइतकंच ते कसे पडतात हेही पाहावं लागतं. रोज सहा-सहा किलोमीटरच्या आठ चकरा मारणारा माणूस महिन्याला १,४०० किलोमीटर करतो. दर आठवड्याला एकदा चंद्रपूरला जाऊन येणाराही जवळपास तेवढेच करतो. पहिल्याने डिझेल घेतली तर वर्षभरात तो सर्व्हिस सेंटरला कंटाळेल. दुसऱ्याला ती गाडी मनापासून आवडेल.

पुढे जे लिहितो आहे ते याच फरकावर उभं आहे. नवी गाडी पाहत असाल तर क्रमाने वाचा. जुनी पाहत असाल तरी मधले दोन भाग सोडू नका.

जुना हिशोब कुठून आला

मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर पोचलं तेव्हा डिझेल ४१ रुपयांच्या आसपास होतं. लिटरमागे तीस रुपयांहून जास्त फरक! पेट्रोलचे भाव सरकारी नियंत्रणातून जून २०१० मध्येच सुटले होते, डिझेलचे मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत बांधलेले होते. त्या काळात डिझेल गाडी घेणारा शहाणाच ठरला. नंतर दोन्ही भावांतलं अंतर आटत गेलं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक नियम लागू झाले, डिझेल इंजिनाचा धूर स्वच्छ करायची महागडी यंत्रणा गाडीत आली आणि गाडीची किंमतही चढली. मारुती सुझुकीने तेव्हाच डिझेल गाड्या बंद केल्या. म्हणजे मामांनी २०१२ मध्ये घेतलेल्या डिझेल स्विफ्टचा अनुभव खरा असला तरी आजच्या खरेदीला तो लागू पडत नाही. तो पंप तसा राहिला नाही आणि ते इंजिनही.

पहिलं काम: दोन आठवडे वही ठेवा

आत्ता घरात जी गाडी असेल, तिच्या प्रत्येक फेरीची नोंद करा. स्कूटर असली तरी चालेल. किती किलोमीटर, किती मिनिटं, आणि मध्ये सलग वेग पकडायला मिळाला का, एवढ्या तीनच गोष्टी. फोनच्या नोट्समध्ये लिहिलं तरी पुरे.

नागपुरात ही वही उघडली की बहुतेकांना एक गोष्ट दिसते. आपलं शहर छोट्या फेऱ्यांचं आहे. धरमपेठेतून बर्डी, बर्डीवरून सदर, मुलांना शाळेत सोडणं, इतवारीतून सामान, संध्याकाळी फुटाळा. मेट्रो आली, उड्डाणपूल झाले, तरी यातली एकही फेरी इंजिनाला नीट तापू देणारी नाही. दहा-पंधरा मिनिटांत गाडी बंद होते.

पण नागपूरच्या भोवताली वेगळीच माणसं राहतात. बुटीबोरीच्या कारखान्यात रोज जाणारा, वर्धेला कॉलेजात शिकवणारा, उमरेड-भिवापूर भागात कामं घेणारा कंत्राटदार, आठवड्याच्या शेवटी यवतमाळला किंवा अमरावतीला आई-वडिलांकडे जाणारी मुलगी. यांच्या वहीत आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास सलग ६०-८० च्या वेगाने गाडी धावल्याची नोंद असते. तशी नोंद तुमच्या वहीत आहे की नाही, तेवढं बघून ठेवा. वर्षातून दोनदा पचमढीला जाता, हे त्यात धरू नका. गाडी वर्षातल्या बाकी दिवसांवर जगते.

दुसरं काम: पैशांचा हिशोब, रस्त्यावरच्या किमतीवरून

शोरूममध्ये डिझेल आणि पेट्रोल मॉडेलच्या एक्स-शोरूम किमतीतला फरक सांगतात. खरा फरक त्याहून मोठा असतो, कारण महाराष्ट्रात वैयक्तिक डिझेल गाडीवर रोड टॅक्सच जास्त आहे. पेट्रोलवर दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांपर्यंत १२ आणि त्यावर १३. डिझेलवर तेच टप्पे १३, १४ आणि १५ टक्के.

एक उदाहरण घेऊ. पेट्रोल मॉडेल १२ लाखांचं, तेच डिझेलमध्ये साडेतेरा लाखांचं. पेट्रोलचा टॅक्स १,४४,००० आणि डिझेलचा १,८९,०००, म्हणजे इथेच ४५ हजारांचा फरक. विमा आणि किरकोळ मिळून आणखी पाच हजार धरा. सगळं मिळून डिझेलसाठी दोन लाख रुपये जास्त मोजावे लागतात. दहा लाखांच्या सीमेवर तर जास्तच जपावं लागतं. पेट्रोल साडेनऊ लाखांचं आणि डिझेल दहा लाख साठ हजारांचं असेल, तर पेट्रोलला ११ टक्के लागतात आणि डिझेल थेट १४ टक्क्यांत जातं.

आता इंधन. हिशोबापुरतं पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ रुपये धरतो. तुम्ही वाचाल त्या दिवशी पंपावरचा भाव पाहून आकडे बदला. मधल्या आकाराच्या एसयूव्हीचं शहर-हायवे मिळून मायलेज पेट्रोलला १३ आणि डिझेलला १७ मानू. कंपनीच्या जाहिरातीतलं मायलेज इथे वापरू नका, ते प्रयोगशाळेत ठरावीक चाचणीवर मोजलेलं असतं. पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ८ रुपये येतो, डिझेलचा ५ रुपये ३५ पैसे. किलोमीटरमागे बचत २ रुपये ६५ पैसे. डिझेलच्या सर्व्हिसिंगला वर्षाला तीन हजार जास्त लागतील असं धरून ते वजा करू.

महिन्याला ८०० किलोमीटर चालणाऱ्या घरात वर्षाची निव्वळ बचत साडेबावीस हजारांच्या आसपास येते आणि ते दोन लाख वसूल व्हायला जवळपास नऊ वर्षं लागतात. गाडी कर्जावर घेतली असेल तर त्या जास्तीच्या दोन लाखांवर, ९ टक्के दराने पाच वर्षांत, सुमारे ४९ हजार व्याज जातं. मग ती मुदत अकरा वर्षांवर जाते. महिन्याला २,००० किलोमीटर असतील तर मात्र हेच पैसे सव्वातीन वर्षांत निघतात, कर्ज धरून चार वर्षांत. चार वर्षांच्या आत वसूल होत असेल तर डिझेलचा विचार जरूर करा. सात वर्षांच्या पुढे जात असेल तर पैशांच्या नावाने डिझेल घेऊ नका, आवडते म्हणून घ्यायची असेल तर ती गोष्ट वेगळी.

या हिशोबात एक चकवा आहे. वरचा आकडा शहर आणि हायवे असा वेगळा काढून बघा. शहरात पेट्रोलने ११ दिले आणि डिझेलने १५, तर किलोमीटरमागे बचत ३ रुपये ३९ पैसे होते. हायवेला १६ आणि २० धरले, तर ती १ रुपया ९५ पैशांवर येते. कागदावर डिझेल गाडी शहराच्या गर्दीतच जास्त पैसे वाचवते! म्हणून पुष्कळजण शहरातल्या फिरण्यासाठी डिझेल घेतात, आणि तिथेच पुढचा भाग आडवा येतो.

तिसरं काम: डीपीएफ समजून घ्या

हा भाग सेल्समन दोन वाक्यांत उरकतो, म्हणून इथे सावकाश सांगतो.

बीएस-६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर एक फिल्टर असतो, डीपीएफ म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर. धुरातली काजळी तो अडवून धरतो. काजळी साठत जाते, आणि काहीशे किलोमीटर झाले की गाडीचा संगणक ती जाळून टाकायचं ठरवतो. त्यासाठी तो इंजिनात थोडं जास्तीचं डिझेल सोडतो, धुराचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतो आणि फिल्टर साफ करतो. याला रीजनरेशन म्हणतात. त्याला साधारण पंधरा-वीस मिनिटं सलग चालणारी गाडी लागते.

आता बर्डीच्या चौकात हे काम सुरू झालं आणि सात मिनिटांनी तुम्ही घरी पोचून गाडी बंद केली, तर ते अर्धवट राहतं. पुढच्या फेरीत पुन्हा सुरू होतं, पुन्हा तुटतं. जास्तीचं सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या कडेने खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली, तर समजा हेच चाललं आहे. असं पातळ झालेलं ऑइल इंजिनाची झीज वाढवतं. फिल्टर फारच भरला तर गाडी ताकद आवरून घेते, जेमतेम सरकते, आणि मग सर्व्हिस सेंटरमध्ये मशीन लावून साफ करून घ्यावा लागतो. तेवढ्यानेही भागलं नाही तर नव्या फिल्टरचा खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. वर ८०० किलोमीटरच्या घरासाठी काढलेली चार-साडेचार वर्षांची बचत त्यात एका फटक्यात जाते.

रीजनरेशन चालू असल्याच्या खुणा ओळखता येतात. उभ्या गाडीचं आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) नेहमीपेक्षा थोडं वर असतं, डॅशबोर्डवरचं त्या क्षणाचं मायलेज घसरतं, गाडी बंद केल्यावरही पंखा जोरात फिरत राहतो, गरम लोखंडासारखा वास येतो. हे दिसलं आणि वेळ असेल तर गाडी बंद करू नका, एक मोठी चक्कर मारून या. डीपीएफचा दिवा लागला तर त्याच दिवशी बाहेर पडा. आउटर रिंग रोड, वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत, अमरावती रोडने कोंढाळीपर्यंत, नाहीतर शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर वर्ध्याच्या दिशेने. एक गिअर खाली ठेवून, आरपीएम दोन हजारांच्या वर राखत वीस-पंचवीस मिनिटं चालवली की बहुतेक वेळा दिवा विझतो. नक्की वेग आणि आरपीएम तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, तोच पाळा.

म्हणून वहीत पाहायला सांगितलं होतं. आठवड्यातून एकदा अशी धाव आपोआप होत असेल तर डीपीएफचा तुम्हाला सहसा त्रास होणार नाही. ती मुद्दाम करावी लागणार असेल, तर दर रविवारी पहाटे गाडीसाठी उठायची तयारी आहे का, हे घरच्यांसमोर प्रामाणिकपणे ठरवा. माझं मत स्पष्ट आहे: गाडी शहराच्या आतच राहणार असेल तर डिझेल घेऊ नये, महिन्याचे किलोमीटर कितीही असोत.

दोन बारीक गोष्टी अजून. डीपीएफच्या गाडीला कमी राख सोडणारं, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल लागतं. बाहेरच्या गॅरेजमध्ये “कोणतंही डिझेलचं ऑइल चालते” म्हणून टाकलं तर त्याची राख फिल्टरमध्ये बसते, आणि राख काही जळत नाही. दुसरं, रीजनरेशनच्या वेळी गाडीचा खालचा भाग फार तापतो. मे महिन्यात पेंच किंवा ताडोबाला गेलात आणि रिसॉर्टबाहेर वाळल्या गवतावर गाडी उभी केली, तर आग लागण्याचा धोका खरा आहे. मोकळी माती किंवा मुरूम बघून लावा.

युरियाची टाकी

२०२३ पासून धुराचे नियम आणखी कडक झाले. तेव्हापासून बऱ्याच डिझेल गाड्यांना डिझेलशिवाय आणखी एक टाकी असते. तिला कोणी डीईएफ म्हणतं, कोणी अ‍ॅडब्लू, ट्रकवाले सरळ युरिया म्हणतात. आत ३२.५ टक्के शुद्ध युरियाचं पाण्यातलं द्रावण असतं. शेताचा युरिया पाण्यात कालवून टाकायचा विचारसुद्धा करू नका. टाकी पूर्ण रिकामी झाली तर बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही, त्यामुळे इशारा दिसला की लगेच भरा.

नागपूरकरांसाठी खास सूचना: स्वस्त मिळाले म्हणून चार कॅन घेऊन डिकीत ठेवू नका. हे द्रावण २५ अंशांत दीड वर्ष टिकतं, ३५ अंशांत सहा महिने. आपल्याकडे मे २०१३ मध्ये पारा ४७.९ वर गेला होता, आणि बंद गाडीच्या आत त्याहून वर जातो. लागेल तेवढंच, ताजी तारीख पाहून घ्या.

रस्ता आणि भार

डिझेलचा खरा आनंद ताकदीत आहे. ह्युंदाई क्रेटाचंच बघा. दीड लिटरचं साधं पेट्रोल आणि दीड लिटरचं डिझेल, दोघांची कमाल शक्ती ११५ पीएसच्या आसपास. पण टॉर्क, म्हणजे गाडी ओढायचा जोर, पेट्रोलला १४४ न्यूटन-मीटर आणि डिझेलला २५०, तोही दीड हजार आरपीएमपासून. पाच माणसं, सामान, एसी चालू आणि समोर लोहखनिजाचे ट्रक, अशा वेळी गडचिरोलीच्या दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेक करताना हा फरक पायाला जाणवतो. चिखलदऱ्याच्या घाटातही तेच.

पण नागपूरच्या आसपासची जमीन बहुतेक सपाट आहे. कोकणात किंवा साताऱ्याकडे राहणाऱ्याला टॉर्कची जितकी गरज, तितकी आपल्याला नाही. ताकद हवी आणि फिरणं शहरातच असेल तर टर्बो पेट्रोल चालवून पाहा. त्याचं मायलेज पायावर ठरतं, जोरात दाबलं की पटकन दहाच्या खाली येतं, हे आधीच माहीत असू द्या.

समृद्धीवर डिझेल शोभते. नागपूर ते मुंबईजवळच्या भिवंडीपर्यंत ७०१ किलोमीटर, जून २०२५ पासून सगळा रस्ता खुला आहे आणि कारला १२० ची मर्यादा आहे. पन्नास लिटरच्या टाकीत १८ चं मायलेज देणारी डिझेल गाडी नऊशे किलोमीटर जाते, वाटेत पंप शोधावा लागत नाही. मात्र १२० ने सलग चालवाल तर हवेचा रोध वाढून दोन्ही इंजिनांचं मायलेज खाली येतं. १०० च्या आसपास चालवणाऱ्याचं बिल बरंच कमी येतं.

पेट्रोलवाल्यांनी ई-२० लक्षात घ्यावं

पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे मायलेज थोडं कमी येणारच. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या ई-२० साठी तयार केलेल्या आहेत, त्यांना काळजी नाही. त्याआधीची जुनी पेट्रोल गाडी घेत असाल तर रबरी नळ्या आणि सील मेकॅनिककडून तपासून घ्या. आणि हिशोबात मित्राचं २०१९ मधलं मायलेज न धरता आजचं धरा.

जुनी डिझेल गाडी बघताय?

दिल्ली आणि आसपासच्या भागात दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर अनेक वर्षं बंदीची टांगती तलवार राहिली, म्हणून तिथल्या गाड्या स्वस्तात इतर राज्यांत येतात. नागपुरात तशी दहा वर्षांची अट नाही, नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे फिटनेस पाहून वाढते. पण दिल्लीची गाडी घेताना मूळ आरटीओची एनओसी हवी, आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स गाडीच्या वयानुसार पुन्हा भरावा लागतो. ती रक्कम आधी आरटीओत विचारून घ्या. स्वस्त दिसणारी गाडी बरेचदा तिथेच महाग होते.

तपासायला सकाळी जा, इंजिन थंड असताना. आधी बॉनेटला हात लावून बघा. विकणाऱ्याने गाडी आधीच तापवून ठेवली असेल तर परत दुसऱ्या दिवशी जा. सुरू करताच निळा किंवा सतत पांढरा धूर नको. डिपस्टिक काढा, पातळी खुणेच्या वर असेल तर कारण तुम्हाला आता माहीत आहे. बीएस-६ गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडाला आतून काळी काजळी लागत असेल, तर डीपीएफ फुटलेला किंवा कोणीतरी काढून टाकलेला असण्याची शक्यता मोठी. अशी गाडी बेकायदेशीर तर आहेच, ती पुन्हा नियमात आणायचा खर्च तुमच्या माथी येतो. सर्व्हिस बुक अधिकृत सेंटरच्या नोंदींशी ताडून पाहा, आणि खाणी किंवा साइटवर चाललेल्या गाडीची सस्पेन्शन खालून टॉर्च लावून तपासा.

दोन्ही नको असेल तर

छोट्या गाड्यांत डिझेल जवळजवळ उरलेलं नाही, टाटा अल्ट्रोझसारखा एखादा अपवाद. त्यामुळे छोटी गाडी शोधणाऱ्याचा प्रश्न बहुतेक वेळा आपोआप सुटतो. शहरात भरपूर फिरणं आणि बजेट चांगलं असेल तर स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाला बॅटरीवरच्या मोटरची जोड असलेली गाडी बघा, सिग्नलवर थांबत चालणाऱ्या गाडीला ती सगळ्यात जास्त फायदा देते आणि डीपीएफची भानगडही नाही. सीएनजी नागपुरात उशिरा आलं. घराजवळच्या पंपावर आठवड्याच्या वेगवेगळ्या वेळी स्वतः जाऊन रांग बघितल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

टेस्ट ड्राइव्ह कशी घ्यायची

शोरूमवाले एक-दीड किलोमीटरची चक्कर मारून आणतात. ती पुरेशी नाही. दुपारी बारा-एकची वेळ मागून घ्या, घरातली चार माणसं बसवा, एसी पूर्ण लावा. आधी अजनी-बर्डीच्या गर्दीतून न्या, डिझेलचा क्लच आणि कंप तिथेच कळतो. आजीला मागच्या सीटवर विचारा, इंजिनाचा आवाज त्रास देतो का. मग वर्धा रोडने खापरीच्या पुढे जाऊन ८० ते १०० चा वेग कसा पकडते ते बघा. तोच रस्ता, तीच माणसं, लगेच पेट्रोल मॉडेलमध्ये.

परत आल्यावर गाडीचं मॅन्युअल मागा, डीपीएफचं पान उघडा आणि त्याचा फोटो काढून घ्या. सर्व्हिस सल्लागाराला तीन प्रश्न विचारा: रीजनरेशन अर्धवट राहिल्याने झालेला बिघाड वॉरंटीत येतो का, पाच वर्षांच्या सर्व्हिसचा खर्च दोन्ही इंजिनांसाठी लेखी मिळेल का, आणि डीपीएफ साफ करायची सोय याच सेंटरला आहे का. उत्तर लेखी मिळेपर्यंत बुकिंगची रक्कम देऊ नका. डिझेलची टेस्ट कार उपलब्ध नाही, पेट्रोलवरूनच अंदाज घ्या, असं कोणी म्हणालं तर पुढच्या आठवड्याची वेळ ठरवून घरी या.